प्रकल्प नोंदी: जुन्या पद्मिनीला कोणतं कूलंट?

गाडी: प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी. बीडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, तांब्या-पितळेचा, डाख (शिसं-कथलाचं सोल्डर) देऊन जोडलेला रेडिएटर.
ठिकाण: सातारा.
काम: आजवर बोअरच्या पाण्यावर चाललेली कूलिंग सिस्टीम साफ करून योग्य कूलंट भरणं. उन्हाळ्यात यवतेश्वर आणि पसरणी घाट न थांबता चढले पाहिजेत.

१६ मार्च – पाहणी

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी काढली. पाणी गढूळ तांबूस, वर पातळ तवंग. बोटावर घेऊन पाण्याच्या ग्लासात सोडलं तर तवंग पसरला नाही, दाण्यांसारखा तळाला गेला. म्हणजे तेल नव्हे, गंज. टोपी काढून इंजिन चालवलं, ॲक्सिलरेटर दिला, बुडबुड्यांची धार दिसली नाही. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) शाबूत धरायला हरकत नाही.

तीन मापं घेतली.

रिफ्रॅक्टोमीटर (काचेवरच्या एका थेंबावरून ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मूळ द्रव, किती आहे ते दाखवणारं यंत्र): रेघ शून्यावर, म्हणजे ग्लायकॉल नाहीच. गाडीसोबत आलेल्या अर्ध्या कॅनवर ‘कूलंट’ छापलंय, तेही काचेवर घेतलं. तिथेही रेघ जेमतेम हलली. हिरवा रंग घातलेलं पाणी आहे ते. असले कॅन बाजारात भरपूर आहेत, आणि विकत घेण्याआधी एक थेंब तपासू देणारा दुकानदार मिळाला तर तोच पकडून ठेवावा.

पीएच पट्टी: सहाच्या आसपास. चांगल्या कूलंटचा पीएच सातच्या वरच असतो, जुन्या पद्धतीच्या कूलंटचा तर आठ ते अकराच्या दरम्यान.

मल्टीमीटर: डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन नुसती पाण्यात बुडवलेली, कुठल्याही धातूला न टेकवता. इंजिन बंद असताना ०.४२ व्होल्ट. मग इंजिन चालू, हेडलाइट चालू, हॉर्न दाबून पाहिला: आकडा तोच. याचा अर्थ अर्थिंग ठीक आहे, बाहेरून करंट पाण्यात उतरत नाही. दोष पाण्याचाच. लाइट लावल्यावर आकडा उडाला असता तर कूलंट बदलून काही साधलं नसतं, आधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी साफ करावी लागली असती. ०.१ च्या खाली असेल तर उत्तम, ०.३ च्या वर गेलं की गंजरोधक संपले असं समजावं.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) नाहीच. ‘काढून टाका, गाडी थंड चालते’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्याने पावसाळ्या-हिवाळ्यात इंजिन कधी नीट तापत नाही, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. घाटात उकळण्याचं मूळ कारण (तुंबलेला रेडिएटर) तसंच राहतं, फक्त ते उशिरा कळतं.

खालचा होज पाइप दाबला की मऊ लागतो, आतला थर सुटलाय. पंप ओढायला लागला की तो आत चिकटून पाणी अडवणार. दोन्ही होज आणि चारही क्लिपा नवीन घ्यायच्या.

१८ मार्च – रेडिएटर उतरवला

उतरवण्याआधी गाडी तापवून इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर फिरवला होता. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. इथे डावीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा थंडच, म्हणजे त्या नळ्यांतून पाणी वाहतच नाही.

रेडिएटरवाल्याकडे वरच्या टाकीचा डाख सोडवून घेतला. नळ्यांची तोंडं चपटी, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. कडेने क्षाराचं पांढरट कडं, आणि मध्ये मातकट पिवळा, नखाने खरवडला तर चिकट लागणारा थर. कारागिराने बघताक्षणी सांगितलं: ‘‘हळद टाकलीय साहेब.’’

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही रस्त्यावरची जुनी युक्ती. शेजारी सांगलीत हळदीची पेठ, त्यामुळे आपल्या भागात ती जरा जास्तच उदार हाताने पडते. पूड पाण्यात फुगते, भोकाशी अडकते आणि गळती थांबते, हे खरं. पण जी पूड दोन मिलिमीटरच्या भोकात अडकते ती दोन मिलिमीटरच्या नळीतही अडकते. घरी पोचण्यापुरती ठीक. नंतर महिनोन्‌महिने तशीच फिरवली की ती गंजात आणि क्षारात मिसळून असा लगदा होतो, आणि हा लगदा कुठल्याही फ्लशने निघत नाही. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पुडीचंही बहुतेक हेच.

रॉडिंग करायला दिला: दोन्ही टाक्या उघडून प्रत्येक नळीतून पट्टी घालायची, मग पुन्हा डाख. पूर्ण झाल्यावर पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देऊन तपासायचा, पण टोपीच्या दाबाइतकाच. जास्त दाब दिला तर चांगला जुना डाखही सुटतो. टोपीवरचा आकडा पुसलाय आणि ती या गाडीची वाटत नाही. मॅन्युअलमधल्या दाबाचीच नवीन घ्यायची. ‘जास्त दाबाची टोपी म्हणजे उशिरा उकळणार’ हे गणित कागदावर बरोबर आहे, पण तो दाब चाळीस वर्षांच्या डाखाला सोसावा लागतो.

२० मार्च – कोणतं कूलंट

या प्रकल्पातला खरा निर्णय हाच, म्हणून सविस्तर.

सुरुवात रंगापासून करायची नाही. हिरवं, लाल, निळं, पिवळं हा कंपनीने घातलेला रंग आहे, त्याला कुठलंही सार्वत्रिक मानक नाही. हिरव्या रंगात जुन्या पद्धतीचं कूलंटही मिळतं आणि नव्या सेंद्रिय आम्लांचंही. सुरुवात करायची ती इंजिनात कुठले धातू आहेत इथून.

या गाडीत एकाच पाण्याला लागून आहेत: बीड (ब्लॉक), ॲल्युमिनियम (हेड), तांबं (जाळी), पितळ (टाक्या, कॉक), शिसं-कथील (डाख). वेगवेगळे धातू आणि क्षारांचं पाणी मिळालं की बॅटरीच तयार होते, आणि त्यात आधी झिजतं ते ॲल्युमिनियम. हेडच्या पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्ल्या जातात आणि गॅस्केट कितीही नवीन घातलं तरी बसत नाही. ग्लायकॉलचं काम उकळबिंदू वर नेण्याचं आणि गोठणबिंदू खाली नेण्याचं. धातू वाचवतात ते त्यातले गंजरोधक, आणि प्रकार पडतात ते त्यांच्यावरूनच.

जुनी पद्धत, आयएटी: सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट वगैरे अजैविक क्षार. धातूवर लगेच पातळ थर देतात, ॲल्युमिनियम आणि डाख दोन्ही सांभाळतात. तोटा एकच: थर देण्यात ते खर्च होत जातात. दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटर, जे आधी येईल तेव्हा बदलायचं.

ओएटी: सेंद्रिय आम्लं. पाच वर्षांपर्यंत टिकतात कारण जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात. ॲल्युमिनियमचा रेडिएटर, प्लास्टिकच्या टाक्या, डाख कुठेच नाही अशा गाड्यांसाठी बनवलेली. शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या डाखाला यातल्या काहींचं संरक्षण अपुरं पडतं. डाखावर पांढरी भुकटी फुलून येते आणि तीच नळ्यांत जाऊन बसते. टू-ईएचए हे आम्ल असलेली काही कूलंट काही प्रकारच्या सिलिकॉन सीलना आणि नायलॉनला मऊ करतात.

एचओएटी: दोन्हींचं मिश्रण, सेंद्रिय आम्लं आणि थोडं सिलिकेट. जपानी पद्धतीत सिलिकेटऐवजी फॉस्फेट. पुढच्या पिढीतल्या गाड्यांना हे उत्तम.

पद्मिनीसाठी निर्णय: इथिलीन ग्लायकॉलवरचं, सिलिकेट असलेलं जुन्या पद्धतीचं कूलंट, कॉन्सन्ट्रेट स्वरूपात. ‘लाँग लाइफ’ महाग आहे म्हणून चांगलं असणार, हा हिशेब इथे उलटा पडतो. गाडी वर्षाला फार चालत नाही, दोन वर्षांनी पाच लिटर बदलणं हे रेडिएटर पुन्हा डाखायला देण्यापेक्षा स्वस्त आणि सोपं.

कॅनवर काय पाहिलं: आयएस ५७५९ किंवा एएसटीएम डी ३३०६ (कूलंटची भारतीय आणि अमेरिकी मानकं) चा उल्लेख. त्याहून उपयोगी म्हणजे कंपनीचं तांत्रिक पत्रक मागवून एएसटीएमच्याच डी १३८४ या गंज-चाचणीचे आकडे बघणं. या चाचणीत तांबं, डाख, पितळ, स्टील, बीड आणि ॲल्युमिनियमचे तुकडे ८८ अंशांच्या द्रावणात ३३६ तास ठेवतात आणि वजन किती घटलं ते मोजतात. मर्यादा डाख आणि ॲल्युमिनियमला ३० मिलिग्रॅम, बाकीच्यांना १०. डाखाच्या ओळीतला आकडा लहान असेल तर ते कूलंट आपलं. ज्या पत्रकात डाखाची ओळच नाही, ते बाजूला ठेवलं.

पाण्याविना चालणारं कूलंटही विचारात होतं. ते १८० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे दाब जवळजवळ नसतो. पण उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं समर्थ नाही, किंमत कैकपट, आणि रस्त्यात गळालं तर साधं पाणी टाकून भागवता येत नाही. नको.

२१ मार्च – प्रमाण

कॅनवर १:३ (एक भाग कूलंट, तीन भाग पाणी) लिहिलेलं असतं, काहींवर १:२. सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात गोठण्याची चिंता फारशी नाही. वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं, पण बॉनेटखालच्या पाण्याला त्याने काही होत नाही. मग ग्लायकॉल हवं कशाला? एक, गंजरोधक त्यातूनच येतात. बहुतेक कॉन्सन्ट्रेट तेहतीस टक्क्यांच्या खाली पातळ केली की गंजरोधक पुरे पडत नाहीत. दोन, उकळबिंदू. कास पठार सुमारे १२०० मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. टोपी थोडी जरी गळकी असली तरी घाटमाथ्यावर गाडी उकळते ती त्यामुळे.

मग सरळ पन्नास टक्के का नाही? ग्लायकॉल वाढलं की द्रावण घट्ट होतं आणि उष्णता धरण्याची ताकद घटते. या पंपाला आणि पट्ट्यावरच्या पंख्याला तेवढी सवड नाही. चाळीस टक्के ठरवलं: गोठणबिंदू उणे २४ च्या आसपास, उकळबिंदू साध्या पाण्यापेक्षा सुमारे पाच अंश वर, शिवाय टोपीचा दाब वेगळा. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणारेही भेटतात. त्याने गाडी जास्त तापते आणि पैसे जातात.

पाणी: टीडीएस मीटरवर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते) बोअरचं ६१०, नळाचं शंभरच्या आत, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड ३. बोअरच्या पाच लिटरमध्ये तीन ग्रॅम क्षार, एवढ्याने रेडिएटर तुंबत नाही. तुंबतो तो भर घालून घालून: वाफ जाते, क्षार राहतात, पुन्हा लिटरभर बोअरचं पाणी. फॉस्फेटवालं कूलंट जड पाण्यात मिसळलं तर क्षार आणखी लवकर बसतात. मिश्रणाला फक्त डिस्टिल्ड.

२४ मार्च – ब्लॉकची सफाई

ब्लॉकच्या बाजूचा निचऱ्याचा कॉक उघडला, काहीच आलं नाही. तार घालून गाळ फोडला तेव्हा काळपट चिखल आला. बागेच्या नळीने वरून उलट्या दिशेने पाणी सोडलं, निवळ येईपर्यंत. मग हवा मारून ब्लॉक कोरडा केला. कॉक नव्या वॉशरवर बसवला. तो पुन्हा पुन्हा उघडायचा नाही, जुना पितळी कॉक दर वेळी थोडा झिजतो.

रॉडिंग होऊन आलेला रेडिएटर बसवला, नवीन होज लावले, थर्मोस्टॅट अजून बाहेरच. मापाच्या जगाने पाणी भरलं: पाच लिटर. हा आकडा लिहून ठेवला, पुढचं सगळं गणित त्यावर.

सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व: लिटरला ६० ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. इंजिन तापवून साधारण वीस-पंचवीस मिनिटं मंद चालवलं, उकळू दिलं नाही. कोमट झाल्यावर सोडलं, विटकरी रंगाचं पाणी आलं. दुसऱ्या वेळी निम्मं प्रमाण, पाणी फिकट पिवळं. रात्रभर ठेवायचं नाही: गंज संपला की आम्ल चांगल्या धातूकडे वळतं.

कॉस्टिक सोडा अजिबात नको, ॲल्युमिनियमचं हेड त्यात विरघळतं. संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे गॅरेजही आहेत. रेडिएटर चकचकीत निघतो आणि काही महिन्यांत डाख गळायला लागतो.

त्यानंतर नळाच्या पाण्याने धुणं, बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत.

२५ मार्च – थर्मोस्टॅट

नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता, शेजारी थर्मामीटर. वर कोरलेल्या तापमानाला उघडायला लागला, पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला, थंड पाण्यात लगेच मिटला. ठीक. हवा जायचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवून बसवला. भोक खाली गेलं तर हेडमध्ये हवा अडकते.

२६ मार्च – भरणी

रेडिएटरचा खालचा कॉक उघडला की ३.८ लिटर बाहेर येतं, १.२ लिटर ब्लॉकमध्येच राहतं. म्हणून आधी दोन खेपा डिस्टिल्ड पाण्याने: भरलं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवलं, थंड करून सोडलं. आत राहिलेल्या पाण्यात नळाच्या पाण्याचा वाटा आता सहा टक्क्यांच्या आत.

हिशेब: पाच लिटरचे चाळीस टक्के म्हणजे दोन लिटर कॉन्सन्ट्रेट. आत १.२ लिटर डिस्टिल्ड आहेच, मग वरून १.८ लिटर. आधी कॉन्सन्ट्रेट ओतलं, मागून पाणी. चाळीस टक्क्यांचं तयार मिश्रण ३.८ लिटर ओतलं असतं तर प्रत्यक्षात ३० टक्केच झालं असतं. ‘रेडी टू यूज’ कॅन घेणाऱ्यांचं इथेच फसतं, कॅनवरचं प्रमाण कोरड्या इंजिनाचं असतं.

गाडीचं नाक चढावर ठेवून, टोपी उघडी, इंजिन मंद. वरचा होज हाताने दाबत राहिलं की बुडबुडे निघतात. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, ४० टक्क्यांच्याच मिश्रणाने भर घातली. टोपी लावली.

२७ मार्च

वरच्या होजच्या तोंडाशी हिरवट ओल. ग्लायकॉल पाण्यापेक्षा सहज पाझरतं, शिवाय आतापर्यंत गंजच बूच बनून बसला होता. क्लिप थंड असताना अर्धा आटा आवळली. वॉटर पंपाखालचं भोक आणि ब्लॉकचे वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) कोरडे.

३० मार्च – यवतेश्वर घाट

बाहेर ३६ अंश, दुपार, चार माणसं. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून त्यावर इन्फ्रारेड मारला. चकाकणाऱ्या उघड्या ॲल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी दाखवतं. घाट चढून माथ्यावर ९१, सपाटीला आल्यावर काही मिनिटांत ८५. ओव्हरफ्लो नळीतून थेंब नाही. थंड झाल्यावर पातळी जागेवर.

६ एप्रिल – पसरणी घाट

वाईहून पाचगणी, दुसऱ्या गिअरवर बराच वेळ, पुढे बसगाड्या. कमाल ९४. माथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही, दोन मिनिटं मंद चालू ठेवलं. बंद करताच पंप आणि पंखा थांबतात आणि हेडमधली उष्णता पाण्यात उतरते, उकळी बहुतेक वेळा तेव्हाच येते.

घाटात उकळलीच तर: टोपीला हात लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं किंवा तडकतं. अडीअडचणीला साधं पाणी चालतं. किती टाकलं ते मात्र लिहून ठेवायचं: एक लिटर टाकलं की चाळीसचं बत्तीस टक्के होतं.

४ मे – फेरतपासणी

व्होल्ट ०.०७. पीएच नऊच्या जवळ. रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू उणे २४, म्हणजे चाळीस टक्के कायम. रंग स्वच्छ, टोपीच्या रबरावर गाळ नाही.

डिकीत त्याच कॅनमधल्या मिश्रणाची एक लिटरची बाटली ठेवली, वर ‘विष’ असं ठळक लिहून. दुसऱ्या प्रकारचं कूलंट भरीला घालायचं नाही. सिलिकेट आणि सेंद्रिय आम्लांची मिश्रणं कधी जमतात, कधी सिलिकेट जेलीसारखं साकळतं, आणि ती जेली पुन्हा त्याच दोन मिलिमीटरच्या नळ्यांत जाते.

धुण्याचं पाणी आणि सांडलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुन्या ऑइलच्या डब्यांशेजारी ठेवलंय. गटारात किंवा अंगणात ओतायचं नाही: चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

बॉनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी: आयएटी, सिलिकेट, ४० टक्के, ५ लिटर, भरल्याची तारीख, दोन वर्षांनी बदल. व्होल्टचं माप दर सहा महिन्यांनी.